सुई टोचलीय, पीईपी (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या) चालू आहे. घरी सांगावं का?

टाका_तिरका | १ ऑक्टोबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी इंटर्न आहे. सरकारी मेडिकल कॉलेज, गाव सांगत नाही. सध्या मेडिसिनची पोस्टिंग. दहा दिवसांपूर्वी रात्री अडीचला एका पेशंटचं ब्लड काढत होते. एचआयव्ही असल्याचं आधीपासून माहीत होतं, गोळ्या त्यांनी मध्येच सोडलेल्या, तापाने फणफणलेले. रक्त निघालं, वायल भरली. हब कटर (वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र) वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, सिस्टरांच्या टेबलाजवळ. म्हणून सवयीने सुईला टोपण घालायला गेले. 'रीकॅप करू नका' हे शंभरदा ऐकलेलं, ज्युनियर्सना स्वतः सांगितलेलं. डाव्या हाताचं पहिलं बोट. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरताना दिसला तेव्हा आधी वाटलं, पेशंटचंच असेल.

साबण-पाण्याने धुतलं, बोट दाबलं नाही, तोंडात घातलं नाही. तीन वीसला पहिली गोळी पोटात. सकाळी एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) तीस गोळ्यांची डबी मिळाली, रोज एक, २८ दिवस. धोका हजारात तीन, वेळेवर गोळी घेतल्यावर त्याहून पुष्कळ कमी. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझा प्रश्न त्या आकड्याचा नाही.

पहिल्याच दिवशी मी डबीवरचं लेबल खरवडलं आणि गोळ्या शतावरी कल्पाच्या रिकाम्या डब्यात ओतल्या. का, ते माहीत नाही. सेकंड इयरला १ डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या पथनाट्यात माझा रोल होता 'समाज'. काळा कुर्ता घालून पेशंटकडे बोट दाखवत "दूर हो! दूर हो!" ओरडायचं. टाळ्या मिळाल्या होत्या.

रूममेटला सांगितलं, तीही इंटर्न. "अगं, काही होत नाही" म्हणाली, मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तिचा नेलकटर आमच्या सामायिक खणातून तिच्या कपाटात गेला होता.

दिवाळीत पाच दिवस घरी जातेय. वडील शिक्षक, आई घरी असते. आत्या एक स्थळ घेऊन येणार आहे म्हणे. आईला सांगावं का?

---

पेठी_पुणेकर | १ ऑक्टोबर, रात्री ११:०४

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर लिहितो नंतर. तोवर एकच सूचना: शतावरी कल्पाचा डबा घरी नेऊ नकोस. आई गरम दुधात दोन चमचे घालून देईल. (हलके घ्या.)

---

निवांत_पाटील | १ ऑक्टोबर, रात्री ११:३१

सांगू नकोस. गोळ्या २८ दिवसांत संपतील, आईची काळजी वर्षभर संपणार नाही. आमच्या मातोश्रींना मी दाढ काढल्याचंसुद्धा तीन महिन्यांनी सांगितलं होतं.

---

शेवगा | २ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक) शिकवते, म्हणजे ज्या तासाला मागचे चार बाक झोपतात तो विषय.

आधी शाबासकी. घाबरल्यावर माणूस बोट पिळत बसतो, त्यावर स्पिरिट ओततो, नाहीतर 'सकाळी बघू' म्हणतो. यातलं तू काही केलं नाहीस. पहिली गोळी दोन तासांत गेली तर उत्तम, ७२ तासांनंतर देत नाहीत. पुढच्या तपासण्या ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने. त्या चुकवू नकोस, रिझल्टची भीती वाटली तरी.

एक राहिलंच. हिपॅटायटीस बीची लस तिन्ही डोस झालीय ना? टायटर (लस रक्तात किती लागू पडलीय याची तपासणी) केलंयस? आमचा तीनाचा पाढा आठव: लस न घेतलेल्याला सुई टोचली तर हिपॅटायटीस बी शंभरात तीसपर्यंत, सी साधारण तीन, एचआयव्ही ०.३. तरी हिपॅटायटीस बीच्या पेशंटला कुणी कोपऱ्यातली खाट देत नाही आणि त्याच्यासाठी कुणी नेलकटरही लपवत नाही.

नेलकटरबद्दल म्हणशील तर, रक्त लागू शकेल अशी वस्तू कुणाशीच वाटून घेऊ नये हे खरंच आहे. पण मग तो पहिल्या वर्षापासून वेगळा हवा होता.

---

खानदेशी_सर्जन | २ ऑक्टोबर, दुपारी २:४०

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

कलंक वगैरे सगळं मान्य. पण ऑपरेशन टेबलाशी उभा राहणारा मी आहे. पोट उघडलं की तीन तास हात रक्तात. पेशंट पॉझिटिव्ह आहे की नाही हे मला आधी कळलंच पाहिजे. फाइलवर खूण केली तर लगेच 'भेदभाव'? केस लिस्टमध्ये शेवटी घेतली तर लगेच 'भेदभाव'? मी आजवर एकही पेशंट परत पाठवलेला नाही. पण माझ्या घरीही दोन लेकरं आहेत.

टाका_तिरका, आईला सांग. लपवल्याने वाढतं.

---

शेवगा | २ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०५

@खानदेशी_सर्जन, शिव्या नाही देत, प्रश्न विचारते. काल ज्याची टेस्ट निगेटिव्ह आली तो विंडो पिरियडमध्ये (लागण झालीय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही, त्या काळात) नव्हता हे तुम्हाला कुणी लिहून दिलं? अर्ध्या रात्री अपघाताचा येतो त्याची टेस्ट बघून टाके घालता का? 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्यापुढे दोन ग्लोव्ह्ज आणि गॉगल, 'निगेटिव्ह' लिहिलेल्यापुढे एकच. म्हणजे स्टिकरमुळे तुम्ही बाकीच्यांपुढे बेसावध होता.

आणि शेवटच्या नंबरला लावता तेव्हा तो माणूस रात्रीपासून उपाशी असतो. पाचला त्याचा नंबर येतो, नाहीतर "आज वेळ संपली, उद्या". दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. शिवाय 'एचआयव्ही किट बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी. मेडिकलवाल्यालाही कळतं, सोबतच्या मेव्हण्यालाही कळतं.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, उपचार नाकारणं नाही.

---

खानदेशी_सर्जन | २ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मॅडम, त्याच कायद्यात असंही आहे की जिथे संसर्गाचा धोका आहे तिथे कर्मचाऱ्याला सुरक्षित साधनं आणि पीईपी पुरवणं ही संस्थेची जबाबदारी. ते पान कुणी उघडत नाही. रेसिडेन्सीत माझ्या साइजचे, साडेसहाचे ग्लोव्ह्ज महिन्यातून दहा दिवस नसायचे. साडेसातचे घालून टाके घ्यायचे, टोकाला बोटभर रबर लोंबतंय. गॉगल एक, तो सरांचा. मग आम्ही खूण शोधायचो, कारण बचावाचं दुसरं काही हातात नव्हतं.

उपाशी ठेवण्याचा मुद्दा मात्र मान्य. तो कधी त्या बाजूने बघितलाच नव्हता.

---

पेठी_पुणेकर | २ ऑक्टोबर, रात्री १०:१२

सर्जनने जाहीरपणे एक मुद्दा मान्य केला. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

---

रात्रपाळी | ३ ऑक्टोबर, पहाटे ४:२०

मी निवृत्त स्टाफ नर्स. ३१ वर्षं सरकारी नोकरी. अजूनही चारला जाग येते, म्हणून ही वेळ.

फाइलवरच्या खुणेचं विचारू नका. आमच्याकडे आधी लाल ठिपका होता. मग ठिपका नको म्हणाले तर 'बी-२४' (एचआयव्हीचा कोड) लिहायला लागले. मग 'रेट्रो', रेट्रोव्हायरसवरून. राउंडला डॉक्टर लोक हळूच "सिस्टर, हे रेट्रो आहेत" म्हणायचे आणि समजायचे की पेशंटला कळलं नाही. पेशंटला तर कळतंच, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही आठवड्यात कळतं. वॉर्डातल्या मामांना तर डॉक्टरांच्या आधी.

आता माझं. नव्वदच्या दशकात मी नवीन होते. शेवटची खाट, बाथरूमच्या दाराशी, ती 'तसल्या' पेशंटची. जेवणाची थाळी आम्ही खाटेखालून पायाने सरकवायचो. हाताने नाही, पायाने. मीसुद्धा. एक बाई होती, नवरा आधीच गेलेला. ती रोज थाळी धुऊन, पुसून, भिंतीला टेकवून उभी ठेवायची. म्हणायची, "बाई, स्वच्छ केलीया." मला पुढे ट्रेनिंग मिळालं, मी शंभरेक इंटर्नना शिकवलं. पण ती थाळी भिंतीला टेकवलेली अजून दिसते.

बाळ, आईला सांग. पण तू स्वतः शांत झालीस की मगच. रडत सांगितलंस तर तिला फक्त रडणंच ऐकू येईल.

---

सडेतोड_नाना | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:३३

मुलीबद्दल सहानुभूती आहे, तिची काही चूक नाही. पण बाकीच्यांचा एवढा पुळका कशाला? बहुतेकांनी आपल्या कर्माने ओढवून घेतलेलं असतं. त्यांच्या औषधावर सरकारचे म्हणजे आपले पैसे. स्पष्ट बोललो, राग नसावा.

---

निवांत_पाटील | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:४१

नाना, मागच्या महिन्यात तुमच्याच 'बायपास कशी झाली' धाग्यावर तुम्ही रोजच्या दोन पाकिटांचा हिशेब दिला होतात. आम्ही कुणी 'कर्म' म्हटलं नव्हतं.

---

माहेर_म्हापसा | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:१८

नाना, 'कर्मा'ची गोष्ट आमच्याकडे आधीच घडून गेलीय.

डॉमिनिक डिसोझा, आमच्या म्हापशाजवळच्या पर्रा गावचा. नियमित रक्तदान करायचा, रक्त तपासताना पॉझिटिव्ह निघाला. त्याला कुणी काही समजावलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी बोलावलं आणि थेट नेऊन बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये कोंडलं. ६४ दिवस. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती, पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवायची. त्याची आई, ल्युसी, मुंबई उच्च न्यायालयात लढली. तो १९९२ मध्ये गेला, जाण्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करून.

मी तेव्हा शाळेत. आमच्या घरी मोठी माणसं बोलताना आवाज खाली यायचा, एवढंच आठवतं. डासांमुळे होतो का यावर शेजारी वाद चालायचे.

---

वाचनवेडा | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:५५

थोडं अवांतर, पण धागा मेडिकलच्या विद्यार्थिनीचा आहे म्हणून. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तोच मुळी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात. १९८६, मद्रास मेडिकल कॉलेज. डॉ. निर्मला मायक्रोबायोलॉजीत पीजी करत होत्या, विषय सुचवला त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे ऐंशीवर नमुने निर्मलाबाईंनी स्वतः गोळा केले, ग्लोव्ह्जशिवाय. नमुने ठेवले घरच्या फ्रीजमध्ये. मग बर्फाच्या खोक्यात घालून रात्रीच्या रेल्वेने नवऱ्यासोबत वेल्लोरला. सहा पॉझिटिव्ह निघाले.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या वायआरजी केअर केंद्राच्या नावातला जी म्हणजे गायतोंडेच.

---

माहेर_म्हापसा | ३ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

गायतोंडे म्हणजे आमचेच. मद्रासला गेले म्हणून काय झालं.

---

पेठी_पुणेकर | ३ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

झालं, आता धागा आडनावांवर जाणार. पण घरचा फ्रीज हे भारी आहे. आमच्याकडे सुकटसुद्धा ठेवू देत नाहीत.

---

कृष्णाकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री १२:४७

हा आयडी मी फक्त या धाग्यासाठी काढलाय. माझा नेहमीचा आयडी तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, शब्दकोड्यांच्या धाग्यावर असतो.

मी २००४ पासून पॉझिटिव्ह. बायको गरोदर होती, तिची तपासणी झाली, मग माझी. कुठून आला याचं उत्तर नानांना देणार नाही. तिला माझ्यामुळे झाला, एवढं मी रोज लक्षात ठेवतो.

तेव्हा सीडी-फोर (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या देत नसत. माझा २००७ ला १६८ झाला. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी मोजायचं आणि वाट बघायची, पुरेसे आजारी कधी होतोय याची. पहिल्या गोळ्यांनी जीव वाचवला पण गाल आत गेले. गावात लोक गाल बघून ओळखायचे. आज महाराष्ट्रात देशातले सर्वांत जास्त पेशंट आहेत, तरी मी शेजारच्या जिल्ह्यात जातो औषधाला. आमच्या गावच्या सेंटरच्या रांगेत उभं राहणं म्हणजे गळ्यात पाटी.

विद्यार्थ्यांबद्दल सांगतो. २००७ ला मी पंधरा दिवस वॉर्डात होतो. सकाळी सर यायचे, मागे दहा-बारा पोरंपोरी. एक मुलगा वही उघडून विचारायचा, "बाहेर कुठे संबंध आले होते का?" वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. कारण सरांनी सांगितलेलं, मोठ्याने प्रेझेंट कर. शेजारच्या खाटेवर आमच्याच तालुक्यातला माणूस. नाडी बघायला त्या पोराने ग्लोव्ह्ज घातले. राग नाही आला. त्याची बोटं थरथरत होती, रबरातून कळत होतं.

मी काय वेगळा होतो? रिपोर्ट आल्यावर मी स्वतःच माझी ताटवाटी वेगळी काढली. कपबशीला खालून नेलपॉलिशचा ठिपका लावला, आमच्या घरचा लाल ठिपका. महिन्याभराने बायकोने ती कपबशी मोरीत आपटून फोडली आणि मला तिच्या कपातला चहा दिला.

मुलगी झाली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बायकोला आणि बाळाला औषधाचा एकेक डोस. दीड वर्षाची झाल्यावर तपासणी, निगेटिव्ह. आता ती फार्मसीला आहे. माझा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) गेली अनेक वर्षं 'सापडत नाही' असा येतो.

टाका_तिरका, तू आईला सांगू का विचारतेस. मी वीस वर्षं मुलीला सांगायचं ठरवतोय. गेल्या महिन्यात ती अँटिव्हायरलचा धडा मोठ्याने पाठ करत होती. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन, डोल्युटेग्राविर. मी भिंतीपलीकडे त्याच तिघांची एक गोळी पाण्याबरोबर घेत होतो.

अजून एक. गोळ्या डब्यात ठेवल्यास तर वर कापसाचा बोळा घाल. प्रवासात खुळखुळा वाजत नाही.

---

रात्रपाळी | ४ ऑक्टोबर, पहाटे ४:०८

वाचलं.

---

खानदेशी_सर्जन | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

@कृष्णाकाठ, वही उघडून मोठ्याने विचारणारा तो मुलगा मी नव्हतो, पण मीही तसंच विचारलंय. आम्हाला तसंच शिकवलं होतं. पडदा ओढायचा असतो हे व्हायवात सांगितलं की मार्क मिळतात, वॉर्डात पडद्याला हुकच नसतात. सोमवारी युनिटमध्ये बोलतो. लिस्टचंही.

---

सडेतोड_नाना | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

माझा प्रतिसाद मागे घेतो. संपादकांनी उडवला तरी हरकत नाही.

---

निवांत_पाटील | ४ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

उडवू नका, राहू दे. पुढच्यांना कळेल तरी.

माझा एक बाळबोध प्रश्न. समजा एखादा विद्यार्थीच पॉझिटिव्ह असेल तर? डॉक्टर होता येतं?

---

टेम्सकाठची_काकू | ४ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

इकडे इंग्लंडमध्ये आधी पॉझिटिव्ह सर्जन, डेंटिस्ट यांना ऑपरेशनं करायला बंदी होती. २०१४ पासून ती उठली. नियमित औषध, व्हायरल लोड अगदी खाली, दर तीन महिन्यांनी तपासणी, मग करा काम. तरी पहिला रिपोर्ट येईपर्यंत चहाच्या खोलीत कुजबुज होतेच. गोऱ्यांचं सगळं सोवळं संपलंय असं समजू नका.

---

शेवगा | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४०

तिकडचा 'फार कमी लोड' आणि आपण म्हणतो तो 'सापडत नाही' यावरून एक खुलासा, कारण व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं. लोड 'सापडत नाही' असेल तर लैंगिक संबंधातून पसरत नाही, हे पक्कं. सुई टोचण्याला तेच विधान जसंच्या तसं लावू नका, पीईपी घ्यायचीच. आणि टाका_तिरकाचा पेशंट गोळ्या सोडलेला होता.

बरं, त्यांचं काय झालं गं? त्या पेशंटचं?

---

टाका_तिरका | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. कृष्णाकाठ काका, तुमचा मोबाइलवर वाचताना राउंडला उशीर झाला.

टायटर केलं, चांगलं आलं. गोळीने मळमळ नाही, पण स्वप्नं भयंकर पडतात. काल स्वप्नात फिजिओलॉजीची परीक्षा, आणि मी पथनाट्याच्या काळ्या कुर्त्यात.

पेशंटची तब्येत सुधारतेय. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या ठरल्यात, आधी टीबीचं बघताहेत. गोळ्या का सोडल्या हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. फाइलवर 'डिफॉल्टर' लिहून आम्ही मोकळे. काल मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. ते ऊसतोडीला गेले होते, सहा महिने. टोळीत एकाच कोपीत आठ माणसं झोपतात, डबी कुठे लपवणार, म्हणाले.

माझ्याकडे निदान शतावरी कल्पाचा डबा होता.

सुई टोचल्याचं त्यांना त्या रात्रीच कळलं होतं. "ताई, तुमचं बोट कसं आहे?" रोज विचारतात. मी दर वेळी "बरं आहे" म्हणून निघून जायचे.

---

पेठी_पुणेकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:५८

आज विनोद नाही. (उद्या आहे.)

---

टाका_तिरका | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, तुम्ही विचारलं होतंत म्हणून.

सांगितलं. नरक चतुर्दशीच्या सकाळी, फराळ झाल्यावर, ओट्याशी. रडले नाही. आईने गॅस बंद केला आणि पहिला प्रश्न: "आणखी कुणाला सांगितलंस?" दुसरा: "आत्याला बोलू नकोस." तिसरा, बऱ्याच वेळाने: "दुखतं का?"

बाबांनी 'तीनशेत एक ना, मग' म्हणून पेपर उघडला. तासाभराने बघितलं तर तेच पान.

दुसऱ्या दिवशी माझा टॉवेल दोरीवर वेगळा, गच्चीच्या पार टोकाला. मी काही विचारलं नाही, आईही काही बोलली नाही. भाऊबीजेला मात्र करंज्यांच्या ताटातून अर्धी खाल्लेली करंजी तिने माझ्या हातातून घेतली, "खोबरं खवट लागतंय का बघू" म्हणत खाल्ली, आणि "नाही, बरंय" म्हणून निघून गेली. टॉवेल अजून टोकालाच होता. दोन्ही खरं आहे, काय करू.

आत्या स्थळ घेऊन आली होती. मुलगा बँकेत. बघू.

रूममेटला नेलकटरचं बोलून दाखवलं. तिला आठवतच नव्हतं, आठवल्यावर रडली. मग आम्ही दोघींनी दोन नवीन आणले, दहा-दहा रुपयांचे.

पहिली तपासणी ३ नोव्हेंबरला. २८ गोळ्या १९ तारखेलाच संपल्या, डबीत दोन उरल्यात. फेकवत नाहीत. यांचं काय करायचं असतं?

---

कृष्णाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

सेंटरला परत कर. काउन्सेलर मोजून घेतात. माझ्याकडे एक जास्त निघाली की अजून ओरडा बसतो, 'कुठली रात्र चुकली' म्हणून.

३ तारखेला लवकर जा. दहानंतर रांग लागते.